क्रोनोग्राफवर एअर रायफल तपासताना

एअर रायफलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, उभा पसरायला लागला की पहिला संशय नेमबाजावर जातो. श्वास चुकतोय, ट्रिगर झटक्यात ओढला जातोय, खांद्याला बट नीट बसत नाहीये, असं कोच सांगतात आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. पण पोझिशन, श्वास, ट्रिगर सगळं तपासून झालं आणि ग्रुप तरीही तसाच राहिला, तर रायफलीकडे बघावं लागतं. तिथे सगळ्यात लवकर उत्तर देतो तो क्रोनोग्राफ. छर्रा किती वेगानं जातोय आणि तो वेग शॉटागणिक किती बदलतोय, एवढंच तो सांगतो. नेम कसा आहे याबद्दल त्याला काहीही कळत नाही.

हे लिहिताना समोर १० मीटरवर ०.१७७ बोअरची म्हणजे ४.५ मिमीची रायफल चालवणारे नेमबाज, त्यांचे पालक आणि छोट्या अकादम्यांचे कोच आहेत. मोजण्याची पद्धत एअर पिस्तुलालाही तीच.

आधी थोडा हिशोब

मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगानं निघतो. टार्गेटपर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा सहा शतांशांहून किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात तो सुमारे १८ मिमी खाली येतो. साइट झिरो करताना, म्हणजे नेम धरलेली जागा आणि भोक जुळवून घेताना, ही घसरण आपण भरून काढलेलीच असते. त्रास होतो तो वेग बदलला की. वेग १ मी/से कमी झाला तर छर्रा ०.२ मिमी खाली लागतो. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दशांश गुणांतली एक पायरी ०.२५ मिमीची, म्हणजे १ मी/सेच्या फरकानं एक दशांशही पुरता जात नाही. पण ५ मी/सेचा फरक पडला तर छर्रा १ मिमी खाली जातो आणि १०.५ चा शॉट १०.१ होऊ शकतो. साठ शॉटच्या मॅचमध्ये हे अधूनमधून घडत राहिलं तर त्याची किंमत किती, ते नेमबाजांना सांगायला नको.

यातून एक गोष्ट उघड होते. सरासरी वेग १६८ आहे की १७५, यानं १० मीटरवर जवळपास काही बिघडत नाही. दोन शॉटमधल्या वेगात किती तफावत आहे, यानं बिघडतं. रायफलीचा ‘स्पीड वाढवून’ आणणारे हौशी लोक नेमकं हेच उलटं समजतात.

कुठला क्रोनोग्राफ घ्यावा

सर्वात जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे प्रकाशाचे दोन पडदे असलेला. छर्रा पहिल्या सेन्सरवरून जाताना त्याची सावली पडते, घड्याळ सुरू होतं. दुसऱ्यावर पडते, घड्याळ थांबतं. सेन्सरांमध्ये ३० सेंमी अंतर असेल तर १७५ मी/सेच्या छर्‍याला ते कापायला १.७ मिलिसेकंद लागतात. एवढा वेळ मोजणं आजच्या चिपला अगदी सोपं आहे. चूक होते ती सावली नेमकी कधी पकडली यात. एका सेन्सरनं छर्रा १ मिमी उशिरा ‘पाहिला’, तरी ३० सेंमीत एक तृतीयांश टक्का, म्हणजे जवळपास ०.६ मी/सेची चूक येते. म्हणून सेन्सरमधलं अंतर जितकं जास्त, तितका आकडा भरवशाचा.

दुसरा प्रकार बंद नळीचा. आत स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात, त्यामुळे बाहेरच्या उजेडाशी त्याचा संबंध नाही. काही नळ्या थेट बॅरलच्या टोकाला बसवता येतात. फक्त एअरगनसाठी आणि बंद खोलीत वापरायचा असेल तर माझी पसंती यालाच. तिसरा डॉप्लर रडारचा: रायफलीच्या बाजूला ठेवायचा, छर्‍याच्या वाटेत काहीच येत नाही, त्यामुळे यंत्र फुटायची भीती नाही. मात्र किंमत जास्त, आणि छर्रा लहान व हळू असल्यानं त्याचं सेटिंग एअरगनवर ठेवायला विसरता कामा नये. बॅरलला पट्ट्यानं बांधायचा चुंबकीय प्रकार बंदुकांच्या गोळ्यांसाठी आहे. छर्‍यांसाठी त्यावर पैसे घालू नका.

हे सगळं यायच्या आधी वेग लंबकावर मोजत. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ साली ही पद्धत मांडली: जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायचा. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. गणित आजही चालतं. एक मीटर दोरीला टांगलेल्या अर्धा किलोच्या मातीच्या गोळ्यात आपला ०.५३ ग्रॅमचा छर्रा रुतला तर तो जेमतेम ६ सेंमी सरकेल.

मांडणी: अर्धं काम इथेच होतं

मागे छर्‍यांचा ट्रॅप हवाच. तो क्रोनोग्राफच्या सरळ रेषेत, पलीकडे दोन-तीन मीटरवर ठेवा. छर्रा परत उडून येईल असा सपाट लोखंडी पत्रा उघडा नको. डोळ्यांना चष्मा सगळ्यांनी लावायचा, आकडे लिहून घेणाऱ्यानंही. आणि तो लिहिणारा रायफलीच्या मागे बसेल, यंत्राच्या बाजूला नाही.

आता प्रकाश. उघड्या पडद्यांच्या क्रोनोग्राफला एकसारखा, मऊ उजेड लागतो. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ त्याला सगळ्यात मानवतं. कडक उन्हात वरची पांढरी छत्री, म्हणजे डिफ्यूझर, लावायची किंवा यंत्र सावलीत घ्यायचं, नाहीतर काही शॉट नोंदलेच जात नाहीत. खोलीत वेगळीच अडचण असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, सेन्सरला दिसतं. मग मध्येच ३१२ किंवा ९४ असा चमत्कारिक आकडा येतो, किंवा नुसतं ‘एरर’. खोलीतले दिवे बंद करून बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी डिफ्यूझरच्या वर लावली की हा प्रश्न सहसा सुटतो. जुना पिवळा बल्बही चालतो, कारण त्याची तार लुकलुकण्याइतकी लवकर थंड होत नाही.

अंतर एकदा ठरवा आणि कायम तेच ठेवा. एअर रायफलसाठी नळीच्या टोकापासून पहिल्या सेन्सरपर्यंत ५० सेंमी ते १ मीटर ठीक. मॅचचा चपट्या तोंडाचा छर्रा हवेत लवकर मंदावतो, मीटरमागे दोनेक मी/से. म्हणजे आज अर्ध्या मीटरवर आणि पुढच्या महिन्यात दीड मीटरवर मोजलंत तर दोन मी/सेचा फरक रायफलीचा नसून टेपचा असेल. .२२ च्या फायरआर्मसाठी हे अंतर वाढवून तीन मीटर किंवा जास्त ठेवतात, कारण तिथे नळीतून बाहेर पडणारा वायूचा झोत सेन्सरला फसवतो.

मग रेषा. छर्रा यंत्रातून तिरका गेला तर त्याला दोन सेन्सरांमध्ये जास्त अंतर कापावं लागतं आणि वेग कमी दिसतो. पाच अंशांच्या तिरकेपणानं ०.४ टक्के, दहा अंशांनी दीड टक्का. डोळ्यांना पाच अंश फारसे जाणवत नाहीत. म्हणून रायफल रेस्टवर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि नळीच्या टोकापासून ट्रॅपपर्यंत सुतळी ताणून यंत्र त्या सुतळीला समांतर लावा. हे करताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग.

आणि आता क्रोनोग्राफ फुटण्याचं सर्वात नेहमीचं कारण. साइट नळीच्या चार-सहा सेंमी वर असते. १० मीटरवर दोन्ही रेषा जुळवलेल्या असल्या, तरी अर्ध्या मीटरवर छर्रा साइटमधून दिसणाऱ्या जागेच्या बराच खाली असतो. साइटमधून यंत्राच्या खिडकीचा मध्य धरून शॉट सोडला की छर्रा थेट डिस्प्लेत जातो. त्यामुळे पहिले दोन-तीन शॉट क्रोनोग्राफशिवाय मारा. तो जिथे येणार आहे तिथे पुढे-मागे दोन पुठ्ठे उभे करा, भोकं कुठे पडली ते बघा आणि खिडकीचा मध्य त्या भोकांवर येईल असं यंत्र ठेवा. ठेवल्यावर रायफल हलवायची नाही.

शॉट मारताना

एका सिरीजला १० शॉट. पाच पुरत नाहीत, वीस मारले तर उत्तमच. सुरुवातीचे दोन-तीन शॉट सायटर, म्हणजे हिशोबात न धरायचे सुरुवातीचे शॉट, म्हणून सोडा, पण त्यांचे आकडे वेगळे लिहून ठेवा. त्यांचा उपयोग पुढे येतो. दोन शॉटमधलं अंतर मॅचमध्ये जितकं ठेवता तितकंच, म्हणजे ४० सेकंद ते मिनिट. घाईघाईनं दहा शॉट उडवले तर पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलीचा रेग्युलेटर (शॉटसाठीच्या हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) प्रत्येक वेळी पुरता भरतोच असं नाही, आणि हाती येतो तो मॅचमधला वेग नव्हेच.

छर्रे एकाच डब्यातले, एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे. स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, चेपलेला छर्रा बाजूला ठेवा. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर दहा छर्रे तोलून घ्या. छर्‍याच्या वजनात एक टक्का, म्हणजे साधारण ५ मिलिग्रॅमचा फरक असला तर वेगात अर्ध्या टक्क्याचा फरक तिथूनच येतो. तो रायफलीच्या माथी मारायला नको.

वहीत काय लिहायचं? तारीख, खोलीचं तापमान, सिलिंडरमधला दाब सुरुवातीला आणि शेवटी, छर्‍याचं नाव, लॉट आणि वजन, यंत्रापर्यंतचं अंतर, आणि प्रत्येक शॉटचा आकडा. नुसती सरासरी लिहून ठेवली तर दुखणं शोधताना ती कामाची नाही. आकड्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

आकडे वाचायचे कसे

समजा दहा शॉट असे आले: १७३.८, १७४.६, १७४.१, १७५.२, १७३.५, १७४.९, १७४.३, १७३.९, १७४.७, १७४.०. सरासरी १७४.३. सर्वात मोठ्यातून सर्वात लहान वजा केला की तफावत १.७. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे शॉट सरासरीपासून साधारण किती दूर असतात त्याचं माप, ज्याला रेंजवर सगळे एसडी म्हणतात, ०.५४. बहुतेक यंत्रं हे तिन्ही आकडे स्वतःच दाखवतात. अशी रायफल निरोगी समजावी. वरच्या हिशोबानं १.७ मी/सेची पूर्ण तफावतसुद्धा टार्गेटवर एक-दीड दशांशाची, आणि तीही सर्वात वेगवान व सर्वात मंद शॉटमधली.

ऊर्जा काढायची तर छर्‍याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, वेगानं दोनदा गुणा आणि २००० नं भागा. इथे ०.५३ × १७४.३ × १७४.३ ÷ २००० = ८.०५ ज्यूल. यंत्र फूट प्रति सेकंद दाखवत असेल तर आधी ३.२८ नं भागून मीटर करून घ्या. हा आकडा कायद्याच्या दृष्टीनंही जवळ असावा. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यापलीकडे लागतो. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला २० ज्यूल म्हणजे जवळपास २७५ मी/से, तेव्हा मॅच रायफल या रेषेपासून फार लांब असते. जर्मनीत तर परवान्याशिवायची मर्यादा ७.५ ज्यूलच आहे, म्हणजे याच छर्‍याला १६८ मी/से, आणि तिथले नेमबाज त्याच वेगात छान स्कोअर करतात.

एसडीवर नको तेवढा विश्वासही ठेवू नका. दहा शॉटवरून काढलेला एसडी स्वतःच पाव भागानं इकडे-तिकडे असू शकतो. एका लॉटचा ०.५ आणि दुसऱ्याचा ०.६ आला म्हणून पहिला चांगला, असं ठरवणं म्हणजे आपलीच फसवणूक. सरासरीचंही तसंच, दहा-दहा शॉटच्या दोन सिरीजमध्ये अर्ध्या मी/सेपेक्षा कमी फरक असेल तर तो नाहीच असं धरा. तफावत तर शॉटच्या संख्येबरोबर वाढत जाते, त्यामुळे पाच शॉटची तफावत वीस शॉटच्या तफावतीशी ताडून पाहू नका.

क्रमावरून दुखणं ओळखणं

रायफल बराच वेळ पडून राहिली आणि पहिला शॉट ४-५ मी/से जास्त आला, मग दुसऱ्यापासून सगळं सुरळीत, तर रेग्युलेटर ‘क्रीप’ होतोय. त्याची सीट झिजली की थांबलेल्या वेळात दाब हळूहळू वर चढत राहतो. खात्रीसाठी रायफल दहा मिनिटं तशीच ठेवा आणि पुन्हा एक शॉट मारा. तोही चढा आला तर निदान पक्कं. बाजूला लिहून ठेवलेले सायटरचे आकडे कामाला येतात ते इथे.

वेग प्रत्येक शॉटला थोडा थोडा उतरत गेला तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला आहे. सिलिंडर २०० बारला भरा आणि पुन्हा बघा. आकडे कुठल्याही क्रमाशिवाय वर-खाली नाचत असतील तर आधी छर्रे बदला, मग ब्रीचची, म्हणजे छर्रा भरायच्या जागेची, ओ-रिंग (रबरी कडी) तपासा: टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीजवळ धरून शॉट मारला की हवा निसटतेय का ते पट्टी फडफडून सांगते. रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत वेग आधी चढतो, माथ्यावर थोडा टिकतो आणि मग उतरतो. ते तिचं दुखणं नव्हे, स्वभाव आहे. तो माथा कुठल्या दाबाला येतो ते बघून तेवढ्याच पट्ट्यात शूट करायचं.

स्प्रिंगच्या रायफलींचं गणित निराळं. नव्या किंवा नुकतंच तेल घातलेल्या रायफलीत सुरुवातीचे शॉट खूप जास्त येतात, नळीतून धूर आणि जळका वास येतो. आतलं तेल पेटतंय. अशा आकड्यांवर खूश होणारे भरपूर भेटतात. शंभर-दोनशे शॉटनंतर मोजा, तो खरा वेग. उलट, चांगल्या चाललेल्या रायफलीचा वेग एकदम १० टक्के पडला तर पिस्टनचं सील गेलंय किंवा स्प्रिंग तुटलीय.

तापमानही लक्षात घ्या. २० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४० अंशांना २१४ बारच्या आसपास दाखवतो. रेग्युलेटर चांगला असेल तर वेगावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण डिसेंबरच्या सकाळी बालेवाडीत लिहिलेले आकडे मे महिन्यात नागपूरच्या बिगर-एसी हॉलमध्ये जसेच्या तसे येतील, ही अपेक्षा करू नका. आणि दुखणं सापडलं तरी रेग्युलेटर किंवा हॅमर स्प्रिंग घरी उघडू नका. २०० बारची हवा भरलेली वस्तू आहे ती. आकडे छापून तंत्रज्ञाकडे न्या. ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणण्यापेक्षा ‘पहिला शॉट पाचनं चढतो’ म्हटलं की त्याचंही काम सोपं होतं.

लॉट निवडताना क्रोनोग्राफला दुसरं स्थान. रायफल क्लँपमध्ये धरून १० मीटरवर काढलेला ग्रुपच निर्णय देतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही हेच चालतं: एलेच्या टेनेक्ससारख्या गोळ्यांच्या खोक्यावर लॉटचा वेग छापलेला असतो, तरी नेमबाज आपल्या बॅरलमधून लॉट मारून बघितल्याशिवाय घेत नाहीत.

यंत्रावरच संशय असेल तर

दोन क्रोनोग्राफ एकामागे एक ठेवा, दहा शॉट मारा, मग जागा अदलाबदल करून पुन्हा दहा. छर्रा वाटेत मंदावतो त्याचा परिणाम यात आपोआप कटतो आणि उरतो तो दोन यंत्रांतला फरक. एक टक्क्याच्या आत असेल तर समाधान माना. जवळ एकच यंत्र असेल तर एका ठरावीक लॉटचा डबा फक्त त्याच्या तपासणीसाठी राखून ठेवा.

यंत्रच नसेल तर फोनवर सरासरी वेग काढता येतो. छर्रा ट्रॅपवर लागल्याचा आवाज नीट येईल असा पातळ पत्रा ट्रॅपच्या तोंडावर लावा, पण छर्रा त्यातून आरपार जाऊन आतच अडकेल इतका पातळ. फोन नळीच्या टोकाशेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि संगणकावर ऑडासिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये लाट उघडून दोन आवाजांमधला वेळ मोजा. या वेळात छर्‍याचा जाण्याचा आणि आवाजाचा परत येण्याचा, दोन्ही वेळ मिसळलेले असतात. अंतर १० मीटर, खोली ३० अंशांची असेल तर आवाजाला परतायला २८.७ मिलिसेकंद लागतात. एकूण ९० आले, तर छर्‍याचे ६१.३, म्हणजे सरासरी १६३ मी/से. नळीच्या टोकाशी हाच वेग १७४ च्या आसपास असतो, तेव्हा दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात लिहू नका. पीसीपीवर ही युक्ती चांगली चालते. स्प्रिंग रायफलीत पिस्टनचा आवाज छर्रा बाहेर पडण्याच्या काही मिलिसेकंद आधीच सुरू होतो, आणि एका मिलिसेकंदाच्या चुकीनं वेगात दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो.